‘क्रेटाच्या निम्म्या पैशात बीएमडब्ल्यू’: त्या फॉरवर्डला उत्तर

हा फॉरवर्ड आधी आमच्या ऐरोलीच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला, मग ऑफिसच्या, मग शाळेच्या दहावीच्या बॅचच्या. तिन्ही वेळा मी अंगठा दाखवून सोडून दिला. चौथ्यांदा तो कळव्याच्या भाच्याने पाठवला आणि खाली एकच ओळ लिहिली: “मामा, तुझ्याकडे आहेच ना, मग घेऊ का?” आता अंगठा दाखवून चालणार नव्हतं.

मथळा असा आहे: “नव्या क्रेटाच्या निम्म्या पैशात बीएमडब्ल्यू, ऑडी! घाबरवणाऱ्यांचं ऐकू नका.” खाली सात मुद्दे. एक, या गाड्यांची किंमत पडायची तेवढी पडून झालेली असते. दोन, कमी रनिंगची बघून घ्या, टेन्शन नाही. तीन, वर्षाला एक सर्व्हिस, वीस हजारांत विषय संपला, कारण गिअरबॉक्सचं ऑइल आणि कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) लाइफटाइम असतं. चार, शोरूमला लुटू देऊ नका, कुठलाही चांगला मिस्त्री हे काम करतो. पाच, दिल्लीची गाडी दोन-तीन लाखांनी स्वस्त पडते. सहा, रिमॅप करा (इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलून घ्या), पॉवर फुकट. सात, नावावर करायची घाई नको, सही केलेले फॉर्म घेऊन ठेवा आणि विकताना पुढच्याला द्या.

मी घाबरवणाऱ्यांपैकी नाही. माझ्याकडे २०१४ची बीएमडब्ल्यू ३२० डी आहे, एमएच झिरो फोर पासिंग, मी तिचा तिसरा मालक. सकाळी सहाला पाम बीच रोडवर सानपाड्याच्या पुढे ती ज्या तऱ्हेने ओढते, त्यासाठी मी बऱ्याच गोष्टी माफ करतो. म्हणूनच हा फॉरवर्ड खुपतो. त्यातलं निम्मं खरं आहे, आणि उरलेल्या निम्म्यावर विश्वास ठेवणारा माणूस वर्षभरात गाडी मिळेल त्या भावाला फुंकून ‘जर्मन गाड्याच बेकार’ म्हणत फिरतो.

“किंमत पडून झालीये.”

माझी गाडी नवी होती तेव्हा ऑनरोड चाळीस लाखांच्या घरात होती. आज तशी गाडी आठ-दहा लाखांत मिळते. इथपर्यंत फॉरवर्ड बरोबर. पण पडली ती गाडीची किंमत, पार्टचा भाव जिथे होता तिथेच आहे, उलट वर गेलाय. चाकाला धरून ठेवणारा लोअर आर्म मागायला गेलात तर काउंटरवरचा माणूस तुमच्या गाडीचं वय विचारत नाही. आठ लाखांत घेतलेल्या गाडीला चाळीस लाखांच्या गाडीचाच पार्ट लागतो, हे ज्याने हिशेबात धरलं नाही त्याने हिशेबच केलेला नाही.

शिवाय पडणं थांबलेलं नसतं. खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांचं. पुढे आरटीओत दाखवून, पर्यावरण कर भरून पाच वर्षांसाठी वाढवता येतं. म्हणजे २०१४च्या गाडीची मुदत २०२९मध्ये संपते, आणि २०२८मध्ये ती बघायला येणाऱ्यालाही हे पाठ असतं. इन्शुरन्सची आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, दरवर्षी खाली जाते. झिरो डेप, म्हणजे पार्टची घसारा न कापता भरपाई देणारं कव्हर, बऱ्याच कंपन्या ठरावीक वयानंतर देत नाहीत, आणि ते नसलं की प्लॅस्टिक-रबराच्या पार्टचे निम्मेच पैसे मिळतात. बंपर प्लॅस्टिकचा असतो, हे सांगायला नको. तेवढा थर्ड पार्टी प्रीमियम मात्र गाडीचा तोरा बघत नाही. १५०० सीसीच्या वर वर्षाला ७,८९७ रुपये, इनोव्हालाही तेवढेच.

“कमी रनिंगची घ्या.”

या एका वाक्यावर दलालांची घरं चालतात. ‘डॉक्टरची गाडी, पस्तीस हजार रनिंग, फर्स्ट ओनर.’ ठाणे जिल्ह्यात इतके डॉक्टर आहेत हे मला जुन्या गाड्या बघायला लागल्यावर कळलं.

समजा पस्तीस हजार खरे आहेत. मग दहा-अकरा वर्षांत ही गाडी करत काय होती? घर ते क्लिनिक, चार किलोमीटर, सिग्नलला थांबत. डिझेल इंजिन नीट तापायच्या आत बंद. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या डिझेलला हे सगळ्यात वाईट, कारण आत साठलेली काजळी जाळायला तिला मोकळ्या रस्त्यावर सलग पळावं लागतं. आणि रबर, प्लॅस्टिक, गॅसकेट किलोमीटर मोजत नाहीत, वर्षं मोजतात. बेसमेंटमध्ये उभ्या गाडीचंही इंजिन माउंटिंग कडक होतं.

समजा पस्तीस हजार खोटे आहेत. ते ओळखायला आधी खाली बसून टायर बघा. कडेवर एका लंबगोलात चार आकडे असतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१४ म्हणजे २०१४चा तेविसावा आठवडा. मीटर पस्तीस हजार सांगतंय आणि टायर २०२१चे असतील, तर जुने वयामुळे बदलले की झिजले म्हणून, हे विचारा आणि बिल मागा. भाच्याबरोबर पहिली गाडी बघितली तेव्हा चारांपैकी दोन टायर २०१९चे, दोन २०२२चे, आणि मीटरवर एकतीस हजार. विकणारा म्हणाला, “साहेब, खड्ड्यात फुटले.” घोडबंदर रोडवर रनफ्लॅटला (पंक्चर होऊनही चालणाऱ्या टायरला) फुगे येतात हे खरं आहे, माझ्याही दोन टायरना आले. पण मग स्टिअरिंगचं लेदर काचेसारखं चकचकीत कसं झालं, ब्रेक पेडलच्या रबराचा कोपरा कुठे गेला, ड्रायव्हर सीटची दाराकडची कड का बसली? एवढं सगळं खड्ड्यात नाही होत.

किलोमीटर फक्त मीटरमध्येच असतात असंही नाही. बीएमडब्ल्यूत ते इतर मॉड्यूलमध्येही (गाडीतल्या छोट्या कॉम्प्युटरमध्ये) नोंदलेले असतात, आणि चांगला स्कॅनर लावला की फरक बाहेर येतो. चासी नंबरवरून शोरूमची सर्व्हिस हिस्टरीही काढून मिळते, पण मालकाने स्वतः मागावी लागते. मालक त्याला तयार नसेल तर तुम्हाला उत्तर मिळालं. मी स्वतः एक लाख दहा हजार चाललेली गाडी घेतली, कारण तिच्या प्रत्येक ऑइल चेंजचं बिल एका निळ्या फाइलमध्ये तारखेने लावलेलं होतं. ती फाइल अजून माझ्याकडे आहे, आता दुप्पट जाड.

“वर्षाला वीस हजार, गिअरबॉक्स ऑइल लाइफटाइम.”

इथे जरा थांबायला हवं, कारण सगळ्यात जास्त पैसा इथेच बुडतो.

ऑटोमॅटिक बीएमडब्ल्यूत आठ गिअरचा झेडएफचा गिअरबॉक्स असतो. गाडीची कंपनी म्हणते ऑइल लाइफटाइम. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः म्हणते की ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा आठ वर्षं झाली की बदला. दोघंही आपापल्या जागी खरं बोलतात. फरक एवढाच की गाडीची कंपनी पहिल्या मालकाचा विचार करते, आणि तुम्ही तिसरे असता. मी गाडी घेतल्यावर पहिलं काम हे केलं. तेलाचा पॅन प्लॅस्टिकचा, फिल्टर त्यातच बसवलेला, त्यामुळे अख्खा पॅन बदलावा लागतो. नवं तेल भरताना इंजिन चालू ठेवून, स्कॅनरवर तेलाचं तापमान बघत पातळी लावायची असते. नुसतं ‘निघालं तेवढंच भरलं’ करून भागत नाही. रबाळेच्या गॅरेजात जुनं तेल ट्रेमध्ये उतरलं तेव्हा ते टपरीवरच्या तिसऱ्यांदा उकळलेल्या चहासारखं दिसत होतं, आणि पॅनमधल्या चुंबकांवर करड्या चिखलाचा थर होता. मिस्त्री बोटाने तो थर पुसून मला दाखवत म्हणाले, “हे बघा तुमचं लाइफटाइम.” त्यानंतर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला बसणारा बारीक धक्का गेला.

फोक्सवॅगन-ऑडीकडे वळणाऱ्यांनी डीएसजीचे, म्हणजे त्यांच्या दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे, दोन प्रकार वेगळे ओळखावेत. सहा गिअरचा ओल्या क्लचचा गिअरबॉक्स असेल तर दर ६० हजारांना तेल आणि फिल्टर, यात चुकारपणा नाही. सात गिअरचा कोरड्या क्लचचा, जो पोलो जीटी टीएसआयमध्ये आला, त्याचं दुखणं क्लच आणि मेकॅट्रॉनिक, म्हणजे गिअर बदलणारा इलेक्ट्रॉनिक भाग. नोव्हेंबर २०१३मध्ये फोक्सवॅगनने या गिअरबॉक्सच्या सुमारे १६ लाख गाड्या जगभरातून परत बोलावून सिंथेटिक तेल काढून मिनरल तेल भरलं होतं, कारण आधीच्या तेलामुळे आतल्या विजेच्या भागात शॉर्ट होत होता. जुनी पोलो घेताना तिच्यावर हे काम झालंय का ते विचारा. आणि माजिवड्याच्या जॅममध्ये गाडी इंचाइंचाने सरकवत राहाल तर कोरडा क्लच जळतच राहतो. पुढे दोन गाड्यांची जागा होऊ द्या, मग हला. मागचा हॉर्न वाजवेल, वाजवू दे.

आता कूलंट. ही माझीच गोष्ट. घेतल्यानंतरच्या दुसऱ्या मे महिन्यात, संध्याकाळी सातला, ऐरोलीच्या खाडीपुलावर मुलुंडकडून येताना स्क्रीनवर तापमानाचा लाल इशारा आला. बाजूला घेऊन इंजिन बंद केलं. बॉनेट उघडलं तर गोडसर वास आणि वाफ. कूलंटच्या पाइपचं प्लॅस्टिकचं तोंड तुटलं होतं. बोटाने दाबलं तर त्याची खारी झाली, थर थर सुटून हातात आली. दहा वर्षं इंजिनाच्या उष्णतेत भाजलेलं प्लॅस्टिक असंच होतं. पार्ट तीन-चार हजारांचा. पण ‘घर पाच मिनिटांवर आहे’ म्हणून तशीच चालवली असती तर इंजिनाचं हेड वाकलं असतं आणि आकड्याला दोन शून्यं वाढली असती. तेव्हापासून एक्स्पान्शन टँक, थर्मोस्टॅट, पाइप हे सगळं तुटायची वाट न बघता बदलायचं, असं मी ठरवलं.

टायमिंग चेनचाही, म्हणजे इंजिनाचे झडपा-पिस्टन तालात ठेवणाऱ्या साखळीचाही, एक शब्द फॉरवर्डमध्ये नाही. २०१५च्या आसपासपर्यंतच्या ३२० डीमध्ये एन ४७ इंजिन असतं. त्याची चेन पुढे नाही, मागे गिअरबॉक्सच्या बाजूला असते. ती बदलायची म्हणजे गिअरबॉक्स किंवा इंजिन उतरवायचं. सुरुवातीच्या वर्षांतल्या इंजिनांना हा त्रास जास्त, पण नंतरचीही सोवळी नाहीत. चेन सैल झाली की गार इंजिन चालू केल्यावर पहिले काही सेकंद मागून खरखर येते, आणि इंजिन गरम झालं की तो आवाज दबतो. म्हणून गाडी बघायला जाताना विकणाऱ्याला बजावून सांगायचं: मी येईपर्यंत चालू करायची नाही.

तर, वर्षाला वीस हजार? माझं एक वर्ष अठरा हजारांत गेलं, आणि त्याच्या पुढचं सव्वा लाखात. दोन्ही वर्षं खरी होती. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने पहिलं वर्ष बघून लिहिलेलं दिसतं.

“कुठलाही चांगला मिस्त्री चालतो.”

याच्याशी मी बराचसा सहमत आहे. मीही शोरूमला जात नाही. वागळे इस्टेट आणि रबाळे-तुर्भे पट्ट्यात असे मिस्त्री आहेत जे शोरूममध्ये दहा-पंधरा वर्षं काढून स्वतःचं शटर उघडून बसलेत. पार्टचंही तसंच. लेमफोर्डरचा लोअर आर्म, मानचा फिल्टर, साक्सचा शॉकअब गाडीच्या कंपनीच्या खोक्यातून घेतला तर एक भाव, बनवणाऱ्याच्या खोक्यातून घेतला तर दुसरा. कधी कधी आतल्या पार्टवर कंपनीचा लोगो घासून काढलेला असतो, एवढाच फरक. आरशाची काच, दाराचं हँडल, टेललॅम्प यांसाठी कुर्ल्याचा सीएसटी रोड आहेच. वॉटर पंप मात्र तिथून आणू नका.

माझी हरकत ‘कुठलाही’ या शब्दाला आहे. बीएमडब्ल्यूची बॅटरी नुसती बदलून चालत नाही, नवी बसवल्याचं गाडीला कॉम्प्युटरवरून कळवावं लागतं, नाहीतर ती जुनीच समजून चार्ज करत राहते. इंजेक्टर बदलला तर त्याच्यावरचा कोड इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये भरावा लागतो. ऑडी ए ४ला इलेक्ट्रिक हँडब्रेक आहे. मागचे ब्रेकपॅड घालताना आधी स्कॅनरने तो सर्व्हिस मोडमध्ये घ्यायचा असतो. आमच्या बिल्डिंगमधल्या एकाचा मिस्त्री जोर लावून पिस्टन दाबायला गेला, आणि पॅडचं काम हँडब्रेकची मोटर बदलण्यावर गेलं. तेव्हा मिस्त्रीला विचारायचा प्रश्न ‘येतं का’ हा नाही, कारण येतं असंच तो म्हणणार. ‘स्कॅनर कुठला आहे, आणि माझ्यासमोर लावाल का’ हे विचारा.

“दिल्लीची गाडी स्वस्त.”

स्वस्त का, हे फॉरवर्ड सांगत नाही. एनजीटीने (राष्ट्रीय हरित लवादाने) २०१५मध्ये दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी घातली, सुप्रीम कोर्टाने २०१८मध्ये ती उचलून धरली, आणि नऊ वर्षांच्या डिझेल गाड्या तिथून बाहेर ढकलल्या जाऊ लागल्या. गाडी त्यामुळे वाईट ठरत नाही. पण हिशेब पुरा करा: तिथल्या आरटीओची एनओसी, कर्ज असेल तर बँकेची सुटका, इथे आणल्यावर महाराष्ट्राचा रोड टॅक्स, नवा नंबर, ट्रेलरचं भाडं, एजंट. हे सगळं धरल्यावर ‘दोन-तीन लाखां’तलं किती उरतं ते कागदावर मांडा. आणि बाराशे-चौदाशे किलोमीटरवरची गाडी गार इंजिनाने कोण ऐकणार? व्हिडिओ कॉलवर चेनची खरखर येत नाही.

बाहेरच्या राज्याची गाडी म्हटली की मी आधी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढतो. चेन्नईत २०१५ला, केरळात २०१८ला पूर आले. आपल्याकडे २६ जुलै कोण विसरलंय? बुडालेली गाडी आतून धुतात, सीटला नवं कव्हर चढवतात, पण बेल्टच्या गुंडाळीच्या आतल्या टोकापर्यंत कुणी जात नाही. तिथे मातीची रेघ दिसली की पुढचं काही बघायचं नाही. जर्मन गाड्यांत काही मॉड्यूल कार्पेटखाली असतात, बीएमडब्ल्यूची बॅटरी डिकीत असते. पाणी गेलेली गाडी सहा महिने छान चालते आणि मग एकेक दिवा पेटायला लागतो.

रिमॅपबद्दल जास्त लिहीत नाही. पॉवर वाढते, खोटं नाही. पण ती फुकट नसते, क्लच, टर्बो, गिअरबॉक्स आपापल्या परीने वसूल करतात. एक्झॉस्ट किंवा डीपीएफ काढलात तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि पीयूसी दोन्ही आडवी येतात, आणि क्लेमच्या वेळी इन्शुरन्सचा सर्व्हेयर बॉनेट उघडतो. घ्यायच्या गाडीवर आधीच्या मालकाने रिमॅप केलाय का, हे मात्र जरूर तपासा. ‘स्टॉकला (कंपनीच्या मूळ सेटिंगला) परत आणलंय’ म्हणाला म्हणजे केला होता.

“सही केलेले फॉर्म घेऊन ठेवा.”

हा मुद्दा विकणाऱ्यांनीही वाचावा. गाडी विकल्यावर चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, त्यासाठी फॉर्म २९, आणि नाव बदलायला फॉर्म ३०. उघडे फॉर्म हातोहात फिरत राहिले तर आरसीवर नाव तुमचंच राहतं. सुप्रीम कोर्टाने २०१८मध्ये स्पष्ट केलंय की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईसाठी मालक तोच. तुम्ही दोन वर्षांपूर्वी विकलेली गाडी तिसऱ्याच कुणीतरी शिळफाट्यावर ठोकली, तरी नोटीस तुमच्या दारात. घेणाऱ्याचंही तेच: ई-चलनांचा ढीग आणि न फिटलेलं कर्ज नाव बदलायला गेल्यावरच समोर येतं. पैसे रोखीत मागणाऱ्याला सांगा की दोन लाख किंवा त्यावर रोख घेणं आयकर कायद्यात बसत नाही, दंड घेणाऱ्याला होतो. ‘जुन्या गाडीवर अठरा टक्के जीएसटी लागला’ असाही एक फॉरवर्ड फिरतो. तो टॅक्स डीलरच्या नफ्यावर आहे, गाडीच्या पूर्ण किमतीवर नाही, आणि दोन माणसांनी आपसात केलेल्या व्यवहारावर तर नाहीच.

हे सगळं मी भाच्याला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, “म्हणजे नको घेऊ?” मी म्हटलं, घे, पण किमतीचा पाव हिस्सा बँकेत बाजूला ठेवून घे, आणि तो नसेल तर पोलो बघ.

त्याने दुसरी गाडी शोधली, घणसोलीत, ३२० डी, फाइलसकट. रविवारी सकाळी आठची वेळ ठरली. विकणाऱ्याला त्याने दोनदा मेसेज केला होता की आम्ही येईपर्यंत चालू करू नका. आम्ही पोचलो तेव्हा गाडी धुऊन पुसून गेटपाशी उभी. भाचा काही बोलला नाही, सरळ बॉनेटवर तळहात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

“आत्ताच डिझेल टाकून आणलं हो, तुमच्यासाठीच,” विकणारा म्हणाला.

भाच्याने दार उघडून इग्निशन ऑन केलं. काटा रिझर्व्हला होता.